दोन स्टुलं

बर्डीच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या माळ्यावर
माझं दुरुस्तीचं दुकान. टेबल एक, सोल्डरिंग गन एक,
स्टुलं दोन.
सात वाजले की दोन्ही भरायची.

केवल पौनीकर यायचा काखेत मॅक घेऊन,
टॉवेलात गुंडाळलेला, तान्हं बाळ दवाखान्यात न्यावं तसा.
लग्नाचे व्हिडिओ कापायचा तो.
हळदीपासून पाठवणीपर्यंतचं चार तासांचं रडणं
बारा मिनिटांत बसवायचा,
आणि म्हणायचा, "एकदाही अटकला नाही ताई. एकदाही."

धम्मदीप रिकाम्या हातानं यायचा.
त्याचं मशीन उचलून आणण्यासारखं नव्हतंच:
काचेचं कपाट, आत तीन पंखे, जांभळे दिवे,
दोन दिवाळ्यांचे बोनस,
आणि एक रॅम आईला न सांगता घेतलेली.
दिवसा त्यावर लोकांची जीएसटी भरायची,
रात्री त्यावरूनच उडी मारायची शत्रूच्या छावणीत.

"तुह्या मॅकवर एक गेम लावून दाखव बे."
"तू एक दिवस काम करून दाखव, मधात अपडेट न येता."

मग सुरू.

"बॅटरी पाहिली का याची? दिवसभर."
"मले काय करायची बॅटरी? कपाट घेऊन
फुटाळ्यावर फिरून राहिलो का मी?"
"रंग पाह्य. शालूचा लाल तो लालच दिसते."
"अन् उघडते का एक स्क्रू तरी तुह्या हातानं?
मालक तू हायेस का कंपनी?"
हा प्रश्न आला की केवल
खिडकीतून खाली ओरडून चहा सांगायचा.
तीन. एक बिनसाखरेचा, माझा.

निवाडा करायला मला कुणी बसवलं नव्हतं.
मी ओठांत स्क्रू धरून कुणाच्या तरी मदरबोर्डवर वाकलेली.
कोपऱ्यात माझं बिलाचं मशीन,
तेरा वर्षांचं, फुकटच्या लिनक्सवर चालणारं.
अकरा महिन्यांत त्याच्याकडे
दोघांपैकी कुणी मान वळवून पाहिलं नाही.

मे महिन्यात सेहेचाळीस झालं तेव्हा
भांडण कूलरच्या तोंडावर आलं.
"माझं कार्ड घरी नव्वदला गेलं ताई,"
धम्मदीप सांगायचा, पोराच्या तापासारखं.
"याले तर पंखाच नाही," केवल म्हणायचा,
आणि हळूच कूलर आपल्याकडे फिरवायचा.

एका संध्याकाळी लाइट गेली.
यूपीएस चार मिनिटं टिटवीसारखा ओरडला, मग तोही गप्प.
माझ्या ओठातला स्क्रू पडला.
केवलनं मॅक उघडून फरशीवर धरला.
कुठल्यातरी नवरीचा चेहरा, अर्धवट कापलेला,
तिच्या उजेडात धम्मदीप गुडघ्यावर रांगत गेला
आणि टेबलाखालून स्क्रू घेऊन आला.
त्या रात्री बॅटरीवर तो काही बोलला नाही.

ऑगस्टात केवलला हैदराबादला काम लागलं.
टॉवेल इथेच राहिला, खुंटीवर.

मग स्टुलावर एक नवा पोरगा बसू लागला,
कॉलेजातला, हेडफोन गळ्यात.
"मॅक म्हणजे नुसता शो," म्हणाला तो परवा.
मला वाटलं, आता धम्मदीप टाळी देईल.

"शालूचा लाल पाह्यला का तू कधी त्याच्यावर?"
धम्मदीप म्हणाला.
"एकदाही नाही अटकत. लाइट गेली तरी चालते.
तुले काय समजते त्यातलं?"
पोरगा मोबाइलमध्ये गेला.
धम्मदीपनं खिडकीतून खाली चहा सांगितला. तीन.
नवा पोरगा चहा घेत नाही
हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

तिसरा ग्लास तसाच थंड होत राहिला.
त्यानं कोपऱ्यात पाहिलं, मग माझ्याकडे.
"ताई, तुमच्या त्या डब्ब्यात काय चालते हो?"

मी ओठांतला स्क्रू काढून झाकणात ठेवला.
"बस," म्हटलं. "मोठं आहे ते."